पेप्टाइड देण्याआधी फिट येते का, ते विचारा



वजन उतरवायला, दुखरा खांदा भरून यायला, स्मरणशक्ती वाढवायला म्हणून पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची, इंजेक्शने आणि नाकात मारायचे फवारे यांची चर्चा जिमपासून आरोग्य पुरवण्यांपर्यंत पोचली आहे. या चर्चेत मधुमेह येतो, मूत्रपिंड येते, अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, मात्र क्वचितच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. गोळ्या न चुकवता, जागरणे टाळून मिळवलेली ही स्थिरता एका कुपीपायी पणाला लावायची का, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की अशा माणसाने ‘पेप्टाइड’ या गटाला सरसकट होकारही देऊ नये आणि नकारही देऊ नये. प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा मागावा आणि विकणाऱ्याला तो देता येत नसेल, तर ते अंगात घेऊ नये.

गटाकडे बघून काहीच का ठरवता येत नाही, याचे उत्तम उदाहरण एसीटीएच या ३९ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचे आहे. तान्ह्या मुलांना येणाऱ्या एका गंभीर प्रकारच्या झटक्यांवर ते १९५८पासून वापरात आहे आणि आजही त्या आजारावरचा एक प्रमुख उपचार आहे. म्हणजे पेप्टाइड फिट थांबवू शकते. आता याच रेणूच्या एका तुकड्यावरून रशियात बनवलेले सेमॅक्स पाहा. बुद्धी तल्लख करणारा फवारा म्हणून ते जगभर ऑनलाइन विकले जाते. पण रशियातल्या त्याच्या माहितीपत्रकात, पूर्वी झटके येऊन गेलेल्यांनी ते घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. डुकराच्या मेंदूतील प्रथिनांपासून केलेले आणि आपल्याकडे पक्षाघातानंतर दिले जाणारे सेरेब्रोलायसिन घ्या. त्याच्याही पत्रकात अपस्मार हा निषेध म्हणून नोंदवलेला आहे. हे इशारे औषध बनवणाऱ्यांनीच छापलेले आहेत, कुणा भित्र्या डॉक्टरच्या मनातली शंका नव्हे. ते ग्राहकापर्यंत येताना वाटेत गळून पडतात.

काही धोके मेंदूपर्यंत आडवाटेने पोचतात. अंथरूण ओले करणाऱ्या मुलांना दिले जाणारे डेस्मोप्रेसिन हे पेप्टाइडच. ते शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तातले सोडियम उतरते आणि फार उतरले की फिट येते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली अंथरूण ओले होण्याच्या तक्रारीसाठी त्याचा नाकातला फवारा वापरू नये, असे बजावले. अपस्मारावरच्या कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन या गोळ्याही सोडियम उतरवतात. दोन्ही एकत्र आली तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. वजन उतरवायला दिले जाणारे सेमाग्लुटाइड हे रीतसर मान्यता मिळालेले, पुष्कळ अभ्यासलेले औषध आहे. तरी त्याने उलट्या सुरू झाल्या आणि सकाळची गोळी पोटात ठरली नाही, तर फिटला निमित्त मिळते. ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापून विकल्या जाणाऱ्या पावडरीत तर नेमके काय आणि किती आहे, ती निर्जंतुक आहे का, इथूनच प्रश्न सुरू होतात.

‘पेप्टाइड शरीरातच तयार होतात, मग भीती कसली?’ असे विचारले जाते. इन्शुलिनही शरीरातच तयार होते. ते जास्त झाले तर साखर कोसळून फिट येते. याहून वजनदार आक्षेप असा, की दुखापत भरून यायला म्हणून विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७सारख्या पेप्टाइडनी फिट आल्याचा पुरावा कुठे आहे? नाही, हे मान्य. पण त्यावरचे बहुतेक काम उंदरांवर झाले आहे, माणसांवरचे अभ्यास मोजके आणि छोटे आहेत. नव्या औषधांच्या चाचण्यांतूनही अपस्माराच्या रुग्णांना अनेकदा आधीच वगळले जाते. ज्यांना तपासलेच नाही, त्यांना त्रास झाला नाही, हे कशाच्या जोरावर म्हणायचे? मान्यताप्राप्त गोळ्यांचेही दुष्परिणाम असतात, हेही खरेच. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्याच औषधामुळे गर्भाला होणारी हानी सर्वज्ञात आहे. पण ती सर्वज्ञात आहे म्हणूनच टाळता येते.

सगळ्यांत अवघड आक्षेप, ज्यांच्या फिट औषधांनी थांबतच नाहीत त्यांचा आहे. सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी काहीच करून बघू नये का? जरूर बघावे. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट येत राहिल्या, तर अपस्मार केंद्रात तपासणी करून घ्यावी, हे मेंदूविकारतज्ज्ञ कधीपासून सांगत आले आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा अपस्मारावर शस्त्रक्रिया होतात. किटोजेनिक आहाराचाही काहींना, विशेषतः मुलांना, उपयोग होतो. हे मार्ग न चाचपता अनोळखी कुपीकडे वळणे म्हणजे धाडस नव्हे, दिशाभूल आहे; आणि तिचा दोष मी रुग्णापेक्षा विक्रेत्याला देईन.

म्हणून पेप्टाइड देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने आणि वेलनेस केंद्राने आधी फिटचा इतिहास विचारावा, चालू गोळ्यांची यादी घ्यावी, गरज असेल तिथे सोडियम तपासावे आणि रुग्णाच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून मगच सुई हातात घ्यावी. जुन्या गोळ्या परस्पर बंद किंवा कमी करायला कुणी सांगू नये. आणि फिट येते का, हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायला हवा. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार नसण्याची अट १९९९ साली निघाली, तरी स्थळ बघताना हा आजार अजून लपवला जातो. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर असताना कोणती सून ‘हो, येते’ म्हणेल?

— एक वाचक, ठाणे