वरचं, खालचं आणि मी

गेल्या गणपतीत सोसायटीच्या रक्तदान शिबिरात गेले आणि रक्त न देताच परत आले. पट्टा बांधणाऱ्या ताईंनी एकदा बीपी मोजलं, दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, ''मॅडम, आज नको. १५४/१०२ आहे. डॉक्टरांना दाखवा.''

मला हसूच आलं. वय २८! डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. बीपी म्हणजे बाबांच्या वयाचं काम!

पण बॉस, लोच्या इथेच आहे. बीपी दुखत नाही. मेंदू, हृदय, किडनी, डोळे सगळीकडे ते गुपचूप आपलं काम करत राहतं. त्यामुळे 'मला काहीच होत नाहीये' याला शून्य अर्थ.

डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. दवाखान्यात नुसत्या टेन्शननेही आकडा वाढतो, म्हणून आठवडाभर घरी मोजायला सांगितलं. आधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट बंद. बाथरूमला जाऊन यायचं. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. हात हृदयाच्या उंचीवर आणि तोंड बंद! (माझ्यासारखीला सगळ्यात अवघड हेच.) घरची सरासरी १३५/८५ च्या आत हवी. माझी आली १४६/९४.

मग रक्त-लघवीच्या तपासण्या, ईसीजी आणि उलटतपासणी. पाठ दुखते म्हणून मी डेडलाइनच्या दिवसांत सर्रास पेनकिलर घ्यायचे. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं, हे माझ्या गावीही नव्हतं. मिठाचंही तेच. 'मी वरून मीठ घेत नाही' असं ऐटीत सांगितलं, तर डॉक्टरांनी विचारलं, ''लोणचं, पापड, फरसाण, रात्रीचे नूडल्स?'' दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. सैंधव घेतलं तरी सुटका नाही, तेही शेवटी मीठच.

पेनकिलर बंद केली, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर गेला, रोज अर्धा तास चालणं सुरू केलं. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. शेवटी गोळी आलीच.

घरात सन्नाटा. आई हळूच म्हणाली, ''सध्या कुणाला बोलू नकोस हं, स्थळं बघतोय.''

आईचं चुकलं असं म्हणवत नाही. पण आमच्याकडे 'कुणाला बोलायचं नाही' याची किंमत मोजून झालीय. बाबाही बीपीच्या गोळ्या घ्यायचे. आकडा नॉर्मल आला, तसं कुणाला न सांगता त्यांनी त्या बंद केल्या. चष्म्याने नीट दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा फेकून देतं का? दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. आज ते डाव्या हाताने चहा पितात.

म्हणून गेल्या रविवारी कॉफी प्यायला भेटलेल्या मुलाला मी सरळ सांगून टाकलं. गोळी चालू आहे आणि मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना आधी विचारावं लागेल, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. तो गडबडला. मग म्हणाला, ''मी तर कधी मोजलंच नाहीये.'' वय ३१, आयटी, रात्रीचे कॉल्स!

तिकडून अजून फोन आलेला नाही. आई दिवसातून चार वेळा मोबाइल बघते. मी आणि बाबा मात्र रोज सकाळी डायनिंग टेबलवर मशीन घेऊन बसतो. आधी त्यांचं, मग माझं. माझं आजचं १२८/८२.

तुमचं किती? आठवत नसेल, तर या आठवड्यात मोजून घ्या. पाच मिनिटं गप्प बसायचं, बस्स.