शाळेचे वर्ष आणि घराचे पंचांग

इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबात मूल तीन-साडेतीन वर्षांचे झाले की घरात एकच विषय सुरू होतो : शाळा कोणती? प्राथमिक प्रवेशाचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत स्थानिक प्रशासनाकडे पोहोचवावा लागतो आणि १६ एप्रिलच्या सुमारास निर्णय हाती येतो. मधल्या काळात शेजारीपाजारी चौकशी होते. जी दोन-चार नावे पुढे येतात, त्यांत एखादी कॅथलिक शाळा बहुधा असतेच. शिस्त चांगली, शिक्षक लक्ष देणारे, वातावरण घरगुती अशी तिची ख्याती असते. तेथे प्रवेश मिळाला तर पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांनाही हायसे वाटते. ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा दबदबा आपल्याकडेही जुनाच आहे. मात्र ही शाळा वर्षाच्या एकशेनव्वद दिवसांत मुलाला नेमके काय देते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात शोधून सापडत नाही. तेथील गणित, इंग्रजी आणि विज्ञान इतर सरकारी शाळांसारखेच असते. शाळेचा धर्म तिच्या वार्षिक वेळापत्रकात असतो. दर आठवड्याला घरी येणारे आणि स्वयंपाकघरातील फ्रिजवर चुंबकाने अडकवले जाणारे वार्तापत्र लक्षपूर्वक वाचले, तर ते ध्यानात येते.

सप्टेंबर ते जुलै

इंग्लंडमधील शालेय वर्ष सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते आणि जुलैच्या उत्तरार्धात संपते. शरद, वसंत आणि ग्रीष्म अशी तीन सत्रे असतात आणि प्रत्येक सत्राच्या मध्यावर एक आठवड्याची सुट्टी. ही चौकट सर्वच शाळांची असते. कॅथलिक शाळा याच चौकटीत आपले दुसरे वर्ष बसवते आणि ते असते चर्चच्या उपासनेचे वर्ष.

शरद सत्रात सुगीचा उत्सव येतो. मुले घरून डबाबंद धान्य, कडधान्ये, डबे आणतात आणि ते परिसरातील गरजूंच्या अन्नपेढीकडे जातात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. वर्गातील एका कोपऱ्यात मुले आपल्या दिवंगत आजी-आजोबांची नावे लिहून ठेवतात. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असाच हा प्रघात आहे. ११ नोव्हेंबरला युद्धात कामी आलेल्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. त्यानंतर नाताळापूर्वीचे चार रविवार येतात. हा आगमनकाळ. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर आठवड्याला एक अधिक पेटते. पाच वर्षांच्या मुलाला ‘प्रतीक्षा’ या शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी व्याख्यान लागत नाही, तो मेणबत्त्या मोजतो. सत्राच्या अखेरीस येशूजन्माचे नाटक होते आणि सर्वांत लहान वर्गातील प्रत्येकाला त्यात काही ना काही भूमिका मिळते, मग ती मेंढराची का असेना.

वसंत सत्रात राखेचा बुधवार येतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या पवित्र फांद्या जाळून केलेली राख कपाळी लावली जाते आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मुले या काळात एखादी आवडती गोष्ट सोडतात. कोणी चॉकलेट सोडतो, कोणी संगणकावरील खेळ. चातुर्मासात एखादा पदार्थ वर्ज्य करणारी आपली आजी हे पाहून हसेल आणि मान डोलावेल. वाचलेले पैसे खोक्यात पडतात आणि बहुधा ‘कॅफॉड’ या कॅथलिक मदत संस्थेकडे जातात. या संस्थेचे मूळच मुळी १९६० मध्ये स्त्रियांच्या संघटनांनी आखलेल्या कौटुंबिक उपवासाच्या दिवसात आहे; बिशपांनी तिला १९६२ मध्ये औपचारिक रूप दिले. याच सत्रात मार्चच्या पहिल्या गुरुवारी पुस्तक दिन येतो आणि मुले कथेतील पात्रांचा वेश करून शाळेत येतात. मग ईस्टर. त्याचा दिवस आपल्या सणांप्रमाणेच चंद्रावर ठरतो : वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार.

ग्रीष्म सत्रात मे महिन्यात मारियामातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घातला जातो. याच महिन्यात सहावीच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचण्या होतात. सात-आठ वर्षांची मुले पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात. त्याची तयारी धर्मग्राम, शाळा आणि घर मिळून अनेक महिने करतात. क्रीडादिन होतो, उन्हाळी जत्रा भरते, तिथे पालक स्वतः टेबले मांडतात आणि केक विकतात. शेवटी शाळा सोडून जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलांसाठी निरोपाची मिस्सा होते.

याशिवाय दिवसाची सुरुवात, जेवणाची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ प्रार्थनेनेच बांधलेली असते. शिकवण्याच्या वेळेपैकी दहा टक्के वेळ धर्मशिक्षणाला दिला पाहिजे, अशी बिशपांची अपेक्षा आहे. शाळेचे धार्मिक जीवन खरोखर जिवंत आहे की केवळ उपचार उरला आहे, हे पाहण्यासाठी चर्चची स्वतंत्र तपासणी होते. सरकारी निरीक्षक गणित आणि वाचन तपासतात. चर्चचे निरीक्षक प्रार्थना आणि धर्मशिक्षण तपासतात.

हे वर्ष आले कोठून?

हा अधिकार या समाजाला कोणी आंदण दिलेला नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर सुमारे अडीचशे वर्षे कायद्याची बंधने होती; ती बव्हंशी १८२९ मध्ये दूर झाली. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने आयर्लंडमधील उपाशी कुटुंबे लिव्हरपूल, मँचेस्टर आणि लंडनच्या गोद्यांत व गिरण्यांत येऊन पडली. दरिद्री, अशिक्षित आणि स्थानिकांना नकोसा झालेला असा हा समाज होता. त्याच्या मुलांसाठी १८४७ मध्ये कॅथलिक गरीब शाळा समिती स्थापन झाली. १८५० मध्ये बिशपांची व्यवस्था पुन्हा उभी राहिली आणि १८५२ मध्ये त्यांच्या पहिल्या धर्मसभेने ठरवले की जेथे दोन्ही बांधणे शक्य नाही, तेथे चर्च नंतर आणि शाळा आधी.

हा निर्णय आजही विचार करायला लावणारा आहे. ज्यांच्याकडे प्रार्थनेसाठी धड छप्पर नव्हते, त्यांनी पहिली वीट शाळेची ठेवली. संन्यासिनींनी नाममात्र मोबदल्यावर शिकवले, मजुरांनी आठवड्याच्या पगारातून पेनी दिल्या. १९०२ च्या कायद्याने शिक्षकांच्या पगाराचा भार करातून उचलला जाऊ लागला, तेव्हा त्याविरुद्ध मोठी ओरड झाली. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारने चालू खर्च पत्करला. पण इमारतीच्या खर्चाचा निम्मा वाटा समाजानेच उचलायचा होता. तो वाटा टप्प्याटप्प्याने कमी होत आज दहा टक्क्यांवर आला आहे. आज इंग्लंडमधील दर दहा सरकारी अनुदानित शाळांमागे सुमारे एक कॅथलिक आहे. तीत दोन सत्ये एकत्र नांदतात : ती करदात्यांच्या पैशावर चालते आणि ती एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पोट मारून उभी केली आहे.

आक्षेप आणि आतली पोकळी

या व्यवस्थेवर आक्षेप घेणारे इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने जागा अपुऱ्या असताना बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी प्रवेश द्यावा, हे न्याय्य कसे? त्यातून मुले लहानपणीच वेगवेगळ्या कप्प्यांत वाढत नाहीत काय? प्रश्न बिनतोड नसले तरी पोकळही नाहीत. समाजाच्या विश्वासाने चालणाऱ्या शाळेला तो विश्वास जपण्याचा हक्क असला पाहिजे. परंतु सार्वजनिक पैशाबरोबर सार्वजनिक उत्तरदायित्वही येते. कॅथलिक शाळांत कॅथलिक नसलेली मुलेही मोठ्या संख्येने शिकतात, हे या आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे त्यांनी रोजच्या वागण्यातून द्यायचे आहे.

तथापि या शाळांपुढील खरे संकट बाहेरच्या आक्षेपांचे नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले. शाळेत मूल चार मेणबत्त्या मोजते आणि घरी त्यांचा अर्थ सांगणारे कोणी नसते. चांगल्या शाळेत जागा मिळावी म्हणून रविवारी चर्चला येणारे आणि प्रवेश झाला की दिसेनासे होणारे पालक हा तेथे विनोदाचा विषय झाला आहे. कॅथलिक परंपरेने आईवडिलांना मुलाचे पहिले शिक्षक मानले आहे. पहिला शिक्षकच गैरहजर असेल तर दुसऱ्याने कितीही सुंदर वेळापत्रक आखले तरी ते सहलीच्या कार्यक्रमासारखे होते. मजा येते आणि विसरले जाते. अनेक धर्मग्रामांत आज बाके भरतात ती केरळ, पोलंड, नायजेरिया आणि गोव्याहून आलेल्या कुटुंबांमुळे. स्विंडनसारख्या गावात गोमंतकीय कॅथलिकांची मोठी वस्ती आहे. सिरो-मलबार परंपरेच्या भाविकांसाठी २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. ज्यांच्या घरात परंपरा जिवंत आहे, त्यांच्यामुळेच शाळेच्या वेळापत्रकालाही जीव आहे.

आपल्या घराचे काय?

येथे हा विषय हॅरो, हाउन्स्लो किंवा लेस्टरमधील मराठी घराच्या दाराशी येतो. मुलगी डिसेंबरमध्ये घरी येऊन सांगते की नाटकात ती देवदूत झाली आहे. पांढरा झगा शिवायचा आहे. आईवडिलांनी काय करावे?

काहींना यात संकट दिसते. कायद्याने पालकांना मुलाला धर्मशिक्षणातून आणि सामूहिक प्रार्थनेतून वगळून घेण्याचा हक्क दिला आहे आणि तो कॅथलिक शाळेतही लागू आहे. परंतु ज्या शाळेचा सारा दिवसच श्रद्धेने विणलेला आहे, तिथे एका तासाला मुलीला बाहेर बसवून साधणार काय? शाळा आपण होऊन निवडली असेल तर तिच्या स्वभावाबद्दल नंतर तक्रार करणे शोभत नाही. दुसरे काही पालक ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकतात. वरवर ही उदारता वाटते, पण बहुधा तो आळस असतो. सगळे सारखे म्हणणाऱ्याला आपले स्वतःचे तरी नीट ठाऊक असावे लागते.

झगा अवश्य शिवावा, तोही नीटनेटका. मुलीने पाहुणेपणाच्या सौजन्याने नाटकात उभे राहावे, कथा ऐकावी, मैत्रिणींच्या श्रद्धेचा मान राखावा. पण त्याच घरात तिला विचारता आले पाहिजे : आपल्याकडे असे काय असते? आणि तिला उत्तर मिळाले पाहिजे. गणेशोत्सव नेमका नव्या शालेय वर्षाच्या धांदलीत येतो. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मधल्या सुट्टीत सापडते, कधी शाळेच्या दिवशी. पालकांच्या धर्मसंस्थेने उपासनेसाठी राखलेल्या दिवशी मुलाच्या गैरहजेरीला तेथील कायदा मुभा देतो. त्यासाठी शाळेला आधी दोन ओळींचे पत्र लिहावे लागते, इतकेच. ते पत्र किती घरांतून जाते? लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. तेथील गणपतीला वर्षातून एकदा जाणे आणि घरी संध्याकाळी दिवा लावून मुलांबरोबर शुभंकरोति म्हणणे यांत जे अंतर आहे, तेच पुस्तक दिनाच्या वेशात आणि पुस्तक वाचण्यात आहे.

संघटित प्रयत्नाचेही उदाहरण आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १० लाख ३३ हजार हिंदू आहेत. त्यांची पहिली सरकारी अनुदानित शाळा, हॅरोमधील कृष्ण अवंती प्राथमिक शाळा, २००८ मध्ये सुरू झाली. ती ज्या कायदेशीर चौकटीत उभी राहिली, ती चौकट मजूर कॅथलिकांनी शतकभर पेनी-पेनी जमवून, वाद घालून, टिकून राहून रुंद केली होती. हे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

मात्र अशा शाळा थोड्या आणि विखुरलेली घरे पुष्कळ. बहुतेक मराठी मुले दुसऱ्यांच्याच शाळांत शिकणार आणि त्यात वावगे काही नाही. त्या शाळेकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती सातत्याची : दर आठवड्याला एक छोटी कृती, तिचे कारण मुलाला समजेल अशा शब्दांत, आणि वर्ष फिरून आले की पुन्हा तीच कृती, थोड्या मोठ्या समजेने. येत्या सप्टेंबरात शाळेचे पहिले वार्तापत्र घरी येईल आणि फ्रिजवर लागेल. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर आपले पंचांग टांगलेले असावे आणि त्यातील तिथी मुलाला कोणीतरी वाचून दाखवावी.