मुळाची मुद्दल

मुलांच्या दातांना तार लावताना पालकांचे लक्ष दिसणाऱ्या दातांकडे असते. पण दात ज्याच्या आधारावर उभा राहतो, ते मूळ हाडात दडलेले असते. तारेच्या दाबाने दात सरकतो, तेव्हा मुळाचे टोक किंचित झिजते. बहुतेकांत ही झीज अल्प असते. मात्र ज्यांची मुळे टोकाशी निमुळती वा वाकलेली असतात, त्यांना धोका अधिक, विशेषतः वरच्या पुढच्या दातांना. तारेच्या उपचारात मुळे झिजतात, हे १९२७ साली अमेरिकेतील डॉ. केचम यांनी क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवून दिले. कमी झालेली मुळाची लांबी पुन्हा भरून येत नाही.

नेकनूरहून बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचे, तर दुकानाचा दिवस मोडतो. त्यातच लग्न ठरलेले असले, की ‘लवकर आटोपा’ असा आग्रह होतो. तो धरू नये. जादा दाबाने झीज वाढू शकते. आरंभी मुळांचे क्ष-किरण चित्र घ्यावे आणि सुमारे ६ महिन्यांनी पुन्हा पाहावे. झीज आढळल्यास डॉक्टर २-३ महिने दाब थांबवतात. दाब थांबला की झीजही सहसा थांबते.

घाईच्या नफ्यासाठी मुद्दल घालवणे कोणत्याही पेढीला परवडत नाही. दाताची मुद्दल म्हणजे त्याचे मूळ.