भंडाऱ्याची रात्रपाळी आणि कुणीच न दिलेले प्रशिक्षण

17 जुलै 2025 रोजी पाटण्यातील पारस रुग्णालयात पाच शस्त्रधारी तरुण दिवसाढवळ्या शिरले. ते एका दाखल रुग्णाच्या खोलीपर्यंत चालत गेले, गोळ्या झाडल्या आणि बाहेर पडले. सीसीटीव्हीची ती चित्रफीत देशभर फिरली. रुग्ण कोण होता, टोळी कोणती होती, बिहारचे काय होणार यावर भरपूर बोलून झाले. त्या मजल्यावरच्या सिस्टर, आया आणि सफाई कामगारांनी अशा वेळी नेमके काय करायचे, हे त्यांना आधी कुणी सांगितले होते का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो, कारण रात्रपाळीच्या त्या कर्मचाऱ्यांत आपल्या वस्त्यांतल्या मुली आणि पोरे मोठ्या संख्येने असतात.

'हे बिहारात होते, आपल्याकडे नाही,' असे म्हणणाऱ्यांना दोन तारखा आठवून देतो. 12 सप्टेंबर 1992 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टोळीयुद्धातील मारेकरी वॉर्ड क्रमांक 18 मध्ये घुसले. त्यांनी एका जखमी गुंडाला खाटेवरच मारले आणि पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांचाही जीव गेला. दुसरी तारीख 26 नोव्हेंबर 2008. सीएसटी स्थानकावर माणसे मारून कसाब आणि अबू इस्माईल जवळच्या कामा रुग्णालयात शिरले. कामा हे बायकांचे आणि लेकरांचे रुग्णालय. दोन पहारेकरी तिथेच मारले गेले.

त्या रात्री प्रसूतिपूर्व वॉर्डात अंजली कुलथे या परिचारिका होत्या. त्यांच्या जबाबदारीवर सुमारे वीस गरोदर बायका होत्या. हल्लेखोर आवारात आल्याचे त्यांनी खिडकीतून पाहिले, वॉर्डाची जड दारे बंद केली, दिवे घालवले आणि सगळ्या बायकांना आतल्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवले. सोबतची एक कर्मचारी गोळी लागून जखमी झाली होती. एवढ्यात एका बाईला कळा सुरू झाल्या. कुलथे तिला भिंतीच्या आधाराने अंधारातून प्रसूतिकक्षापर्यंत घेऊन गेल्या आणि बाळ सुखरूप जन्मले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले, साक्ष दिली, आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या रात्रीविषयी बोलल्या.

त्यांच्या धैर्याविषयी वाद नाही. पण त्या वॉर्डाला आतून बंद होणारे जड दार होते आणि माणसे लपवायला पँट्री होती, हेही तितकेच खरे. शिवाय कोणत्या बाईची काय अवस्था आहे हे त्या सिस्टरला पक्के माहीत होते. धाडसाला निदान एवढा तरी आधार लागतो. तो नसला की काय होते, हे आपल्या भंडाऱ्याने पाहिले आहे.

9 जानेवारी 2021. मध्यरात्र उलटून गेलेली. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली तेव्हा आत 17 बाळे होती. इनबॉर्न विभागातली 7 वाचली. आउटबॉर्न विभागातली, म्हणजे बाहेरून आणून दाखल केलेली, 10 बाळे गेली. बहुतेक बाळे धुराने गुदमरली. हातावर पोट असलेल्या मजूर कुटुंबांची लेकरे होती ती. आयांना आत थांबता येत नव्हते म्हणून त्या बाहेर होत्या, आणि त्यांना बातमी कळली तेव्हा सगळे संपले होते. इथे बंदूक नव्हती, मारेकरी नव्हता. तरीही रात्रपाळीवरच्या माणसासमोर प्रश्न तोच होता: पुढच्या दोन मिनिटांत काय करायचे?

त्यानंतर समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली, मुख्यमंत्री येऊन गेले. जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले. कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागून 11 रुग्ण दगावले, तेव्हाही अटक झालेल्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका होत्या.

आम्ही इथे कुणाला निर्दोष ठरवत नाही, ते न्यायालयाचे काम आहे. दहा आयांच्या रिकाम्या कुशीपुढे कुणाची नोकरी मोठी नाही, हेही मान्य. पण आपल्या व्यवस्थेत जबाबदारी नेहमी उतारावरून खाली वाहते आणि अधिकार मात्र वरच साठून राहतो, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको. अग्निसुरक्षेचा निधी मंजूर करणे सिस्टरच्या हातात नसते. दुसरे दार काढणे, रात्री किती माणसे ठेवायची हे ठरवणे, हेही तिच्या हातात नसते. कक्षात रात्रभर तिलाच थांबायचे असते.

आता प्रशिक्षणाचे बोलू. अमेरिकेत गोळीबाराच्या घटनांसाठी 'पळा, लपा, लढा' असे सूत्र शिकवतात. ह्यूस्टन शहराने 2012 मध्ये त्यावर केलेली चित्रफीत जगभर पाहिली गेली. कार्यालयात किंवा मॉलमध्ये ते ठीक आहे. पण इन्क्युबेटरमधले बाळ पळणार कसे? ऑक्सिजनवरचा म्हातारा कुठे लपणार? त्याला सोडून सिस्टरने पळावे का? तिकडच्या रुग्णालयांतही हा पेच सुटलेला नाही. तरी तिथे तो निदान आधी बसून बोलला जातो. कोणत्या रुग्णाला कुठे न्यायचे, कोणते दार कुणी बंद करायचे, सर्वांना कळवायचे ते कोणत्या शब्दांत, हे ठरवून वर्षातून काही वेळा करून पाहिले जाते. आपल्याकडे तो पेच रात्री दीड वाजता एकट्या मुलीवर येऊन पडतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. आगीत दार उघडे हवे आणि हल्ल्यात ते बंद हवे. आपल्या सरकारी इमारतींत सुरक्षा म्हणजे रात्री चॅनल गेटला कुलूप, आणि किल्ली चौकीदाराच्या खिशात. तो चहाला गेला की आतली माणसे कोंडलेली. म्हणून दोन्ही संकटांचा विचार एकत्रच करावा लागतो: कुलूप आतून उघडणारे हवे, किल्लीची दुसरी प्रत वॉर्डात हवी, आणि दुसरी वाट सामानाने अडवलेली नको. यासाठी कोट्यवधी लागत नाहीत.

आवाजाचेही तसेच. 26/11 च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माईकवरून प्रवाशांना दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहून कित्येक जीव वाचवले. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असा माईक आहे का? नसेल तर साधी शिट्टी किंवा ठरलेली घंटा तरी?

बंदुकीपेक्षा आपल्या जिल्ह्यात जास्त संभवतो तो संतापलेला जमाव किंवा दारू पिऊन आलेला, चाकू काढणारा माणूस. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दलही नेमले. पण कायदा घटना घडून गेल्यावर कामाला येतो. शिवाय ही सगळी चर्चा डॉक्टरांभोवती फिरते. आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि एजन्सीचा चौकीदार तिच्यात क्वचितच येतात. वास्तविक मारेकरी असो वा धूर, तो पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. कामाला पहिली गोळी पहारेकऱ्यांनीच झेलली. प्रशिक्षण द्यायचे तर ते कंत्राटी माणसांपासून सुरू करा, पगारी वेळेत द्या, आणि रात्रपाळीतही द्या. दुपारी सभागृहात चित्रफीत दाखवून हजेरीपटावर सह्या घेतल्या, याला आम्ही प्रशिक्षण मानत नाही.

अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे संघाला सांगितले, हा विनयपिटकातला प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो. त्यात आणखीही एक गोष्ट आहे. त्या भिक्खूकडे कुणी का पाहत नाही, याची तथागतांनी आधी चौकशी केली होती. हे सहसा कुणी सांगत नाही.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर, मोहाडी, लाखनी. सात तालुके, आणि प्रत्येक ठिकाणी आपली तरुण मंडळे आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयाला विचारा: शेवटचा अग्निसुरक्षा तपास कधी झाला? बाहेर काढण्याची रंगीत तालीम कोणत्या तारखेला झाली आणि त्यात रात्रपाळीचे, कंत्राटी किती जण होते? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय शेवटचा कधी आला? मिळालेली उत्तरे आम्हाला पाठवा, आम्ही तालुक्यानुसार प्रसिद्ध करू.

आणि आपल्या स्वतःच्या संस्थांनाही हेच प्रश्न विचारा. समाजाने चालवलेली मुलींची वसतिगृहे आहेत. रुयाडच्या महासमाधीभूमीवर हजारोंची गर्दी होते. 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आपलीच पोरे आरोग्य शिबिरे चालवतात. समता सैनिक दलाला कवायतीची सवय आहे, त्यामुळे बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याची तालीम त्यांना जड जाणार नाही. आमच्यापैकी काहींनी एका वसतिगृहात सहज चौकशी केली, तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे हे तिथल्या अधीक्षिकेलाही सांगता आले नाही.