पंचावन्न जणांची घटना?

अमेरिकेची राज्यघटना म्हणजे १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ बुद्धिमंतांनी जनतेच्या पदरात टाकलेले दान, हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. सभा बंद दाराआड झाली, चर्चा बाहेर फुटू द्यायची नाही असा नियम होता आणि अखेर ३९ जणांनी सह्या केल्या, हे सगळे खरे. पण यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

त्याआधीचे मॅसॅच्युसेट्स पाहा. ऑक्टोबर १७७६मध्ये काँकॉर्डच्या गावसभेने विधिमंडळाला बजावले, की राज्याची घटना तुम्ही करू नका. जो घटना करील त्यालाच ती बदलता येत असेल, तर त्याच्यापासून आम्हाला वाचवणार कोण? लोकांनी या कामासाठी वेगळी सभा निवडली पाहिजे. विधिमंडळाने ऐकले नाही. १७७८मध्ये त्याने स्वतःच केलेला मसुदा गावोगावी गेला आणि गावांनी तो सुमारे पाचास एक अशा मतांनी झिडकारला. त्यात हक्कांची सनदच नव्हती! मग लोकांनी घटनासभा निवडली, जॉन अॅडम्स यांनी मसुदा लिहिला आणि १७८०मध्ये तो पुन्हा गावसभांपुढे आला. या मतदानापुरती मालमत्तेची अटही काढली होती. गावांनी नुसते हो-नाही कळवले नाही. एकेक कलम वाचून हरकती लिहून पाठवल्या. तीच घटना दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

फिलाडेल्फियाच्या मसुद्यातही हक्कांची सनद नव्हती. १७८८मध्ये मॅसॅच्युसेट्सने तो १८७ विरुद्ध १६८ मतांनी जेमतेम स्वीकारला, तोही दुरुस्त्या सुचवूनच. इतर राज्यांतूनही तीच मागणी उठली. १७९१च्या पहिल्या दहा दुरुस्त्या या रेट्यातून आल्या.

यावर आक्षेप येतो, की या ‘लोकां’त स्त्रिया कुठे होत्या, गुलाम कुठे होते? मतदानात नव्हते. हा अन्याय झाकण्याचे कारण नाही. पण मॅसॅच्युसेट्सच्या त्याच १७८०च्या घटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे कलम होते. अक्षरओळख नसलेली बेट नावाची गुलाम स्त्री त्याच्या बळावर १७८१मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात उभी राहिली, खटला जिंकली आणि एलिझाबेथ फ्रीमन झाली. जिला मत नव्हते, तिने कलमाला अर्थ दिला.

१८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेला अर्पण केली, तेव्हा अर्पणपत्रिकेत त्यांनी एकाही घटनाकाराचे वा राष्ट्राध्यक्षाचे नाव घेतले नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना त्यांनी ते पुस्तक वाहिले.