वेग तर आहे, पण चौथी मूव्ह कुठली?

पोकेमॉनची टीम बांधायला बसलेला कुणीही आधी काय बघतो? स्पीड! सगळ्यात फास्ट कोण आणि सगळ्यात जोरात मारतो कोण, एवढी दोन उत्तरं मिळाली की काम झालं. मग नेटवर त्या पोकेमॉनचं नाव टाकायचं, समोर येईल तो पहिला सेट जसाच्या तसा उचलायचा आणि बॅटल शोधायची. हरलो की वाक्य ठरलेलं, 'लकच खराब होतं यार!' माझं म्हणणं असं की बिचाऱ्या लकला उगाच शिव्या बसतात. आपण चार मूव्हज निवडलेल्याच नसतात. दुसऱ्या कुणीतरी निवडलेल्या नुसत्या वापरत असतो.

ज्यांच्यासाठी पोकेमॉन म्हणजे शाळेतून आल्यावर दप्तर फेकून बघायचं कार्टून, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ गेम जपानमध्ये १९९६ साली आला, कार्टून नंतरचं. गेममध्ये तुमच्या टीममध्ये सहा पोकेमॉन असतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त चारच मूव्हज ठेवता येतात. दोन्ही खेळाडू आपापली चाल एकाच वेळी ठरवतात, मग साधारणपणे ज्याचा स्पीड जास्त, तो आधी मारतो. त्यासाठी महागडा कन्सोल हवाच असं नाही. 'पोकेमॉन शोडाऊन' साध्या ब्राउझरमध्ये फुकट चालतं. टर्न-टर्नने चालणारा प्रकार असल्यामुळे आपल्या पावसाळी नेटवर्कलाही ते झेपतं. मारुती मंदिरला चहा पिता पिता तुम्ही ब्राझीलच्या कुणाशीतरी भिडू शकता.

आता मुद्द्यावर येऊ. स्पीडनेच सगळं जिंकता आलं असतं तर निंजास्क हा पोकेमॉन सगळ्यांच्या टीममध्ये दिसला असता. पिकाचूचा बेस स्पीड ९०, निंजास्कचा १६०! पण त्याचा अ‍ॅटॅक ९०च्या घरात आणि डिफेन्स ४५. शिवाय तो कीटक आणि उडणारा अशा दोन टाइपचा, म्हणजे दगडाचा मार त्याला चौपट लागतो. समोरच्याने 'स्टेल्थ रॉक' टाकून ठेवला असेल, तर हा मैदानात पाऊल टाकताक्षणी अर्धा संपतो. सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि पोचल्यावर करायचं काय, तर फारसं काही नाही.

दुसरं उदाहरण जोल्टिऑनचं. बेस स्पीड १३०, विजेचा टाइप, 'थंडरबोल्ट' दणदणीत. पण जमिनीच्या टाइपवर विजेचा परिणाम शून्य. अर्धा नाही, पाव नाही, चक्क शून्य. म्हणून कित्येक वर्षं खेळाडू त्याच्याकडे 'हिडन पॉवर' नावाची बर्फाची मूव्ह देऊन ठेवायचे. तिची ताकद बेताचीच, पण दार बंद झालं तर खिडकी उघडायला उपयोगी. २०१९च्या गेममधून हिडन पॉवर काढून टाकली आणि जोल्टिऑनचा वेग तोच राहूनही त्याचा धाक कमी झाला. म्हणजे वेगाला धार येते ती मूव्हजमुळे.

मग सेट बांधायचा कसा? माझ्या आवडत्या गारचॉम्पवर करून बघू. टाइप ड्रॅगन आणि जमीन. अ‍ॅटॅक १३०, स्पीड १०२. पहिली मूव्ह डोळे झाकून 'अर्थक्वेक'. तिची ताकद १००, आणि स्वतःच्या टाइपची मूव्ह असल्यामुळे दीडपट होऊन १५०. आता प्रश्न विचारायचा, ही कोण अडवतं? उडणारे. त्यांना भूकंप लागतच नाही. म्हणून दुसरी मूव्ह ड्रॅगनची, 'ड्रॅगन क्लॉ'. ही कोण अडवतं? फेअरी टाइपवर ती शून्य, पोलादावर निम्मी. पण पोलादाला अर्थक्वेक आहेच. तिसरी 'सोर्ड्स डान्स', एक टर्न खर्च करून अ‍ॅटॅक दुप्पट. इथपर्यंत कुणाचंही फारसं अडत नाही.

अडतं ते चौथ्या जागेवर. समोर स्कारमरी उभा आहे समजा, पोलादाचा आणि वर उडणारा. अर्थक्वेक शून्य. ड्रॅगन क्लॉ ८०ची दीडपट १२०, पण पोलादामुळे निम्मी, म्हणजे ६०. 'स्टोन एज'चे सरळ १००, त्यातही ती शंभरातून वीस वेळा चुकते. 'फायर फँग'ची ताकद फक्त ६५, पण पोलादावर दुप्पट, म्हणजे १३०. तर मग फायर फँग घ्यावी? थांबा. समोर चारिझार्ड आला तर? तो आगीचा आणि उडणारा. फायर फँग त्याला गुदगुल्या करेल, जेमतेम ३२. तीच स्टोन एज चौपट बसून ४०० होते.

आता सांगा, चौथी मूव्ह कुठली? याचं उत्तर गारचॉम्पकडे नाहीच. ते त्याच्या उरलेल्या पाच जोडीदारांकडे आहे. टीममध्ये विजेचा कुणी असेल तर स्कारमरीला तो बघून घेईल, गारचॉम्पने स्टोन एज घ्यावी. चारिझार्डला लोळवणारा पाण्याचा पोकेमॉन असेल तर फायर फँग घ्यावी. तुमची टीम वेगळी असेल तर तुमची चौथी मूव्ह वेगळी. नेटवरच्या सेटला तुमचे पाच जण कोण आहेत, हे कसं कळणार?

स्पीडचं गणितही असंच. ट्रेनिंगचे एकूण पॉइंट ५१०, एका गुणात जास्तीत जास्त २५२. दोन गुण भरले की तिसऱ्यासाठी चिल्लर उरते. शिवाय स्वभाव निवडायचा. लेव्हल १००ला स्पीड पूर्ण भरून 'जॉली' स्वभाव दिला तर गारचॉम्पचा स्पीड ३३३ होतो. चारिझार्ड, व्होल्करोना, सॅलमेन्स ही बेस १००वाली मंडळी सगळं करून थांबतात ३२८वर. पाच अंकांनी आपण पुढे! 'अ‍ॅडमंट' दिला तर अ‍ॅटॅक ३५९चा ३९४ होतो, पण स्पीड ३०३वर येतो आणि ही अख्खी रांग आपल्या पुढे जाते. पस्तीस अंकांच्या ताकदीसाठी रांगेतली जागा सोडायची का? टीममध्ये दुसरं कुणी त्या रांगेला रोखणार असेल तर खुशाल सोडा. नसेल तर नका सोडू. पण ठरवा तुम्ही.

आणि वेग जास्त म्हणजे पहिला नंबर पक्का, हेही खरं नाही. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. मार्ग बहुतांश एकेरी. तुमची गाडी कितीही पळणारी असो, जिला आधी सोडायचं ठरलंय ती जाईपर्यंत तुम्ही स्टेशनात उभे. गेममध्येही तसंच. आधी मूव्हची प्रायॉरिटी बघतात, मग स्पीड. मॅमोस्वाइनचा बेस स्पीड ८०, गारचॉम्पच्या बराच मागे. पण त्याची 'आइस शार्ड' प्रायॉरिटीची मूव्ह आहे. ताकद अवघी ४०, पण स्वतःच्या टाइपची म्हणून दीडपट आणि गारचॉम्पला बर्फ चौपट लागतो म्हणून एकदम २४०. ३३३चा स्पीड जागेवर राहतो आणि आपण आडवे. कुणी 'ट्रिक रूम' लावली तर पाच टर्न उलटी गंगा, सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी. पॅरालिसिस झाला तर स्पीड निम्मा.

आपल्याकडे कबड्डी बघत मोठं झालेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. चढाईला तीस सेकंद मिळतात. नुसता पळणारा चढाईपटू पहिल्या दोन चढायांना टाळ्या घेतो. तिसऱ्या वेळी कोपरारक्षकाला त्याचा पाय कुठे पडणार हे पाठ झालेलं असतं. ज्याच्याकडे हाताचा स्पर्श आहे, बोनस आहे, गरज पडली तर डुबकीही आहे, त्याला पकडायला समोरचे बिचकतात. त्यांना बिचकवतो तो पुढचा डाव न कळण्याचा ताण.

कॉपी केलेला सेट नेमका हाच ताण घालवून बसतो. जो सेट तुम्ही वाचलाय तो समोरच्यानेही वाचलाय. तुमचा गारचॉम्प मैदानात येताच त्याला तुमच्या चारही मूव्हज ठाऊक असतात. दहावीला 'अपेक्षित' आपण सगळ्यांनीच चाळलंय. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेलं उत्तर कसं अडकतं, हे वेगळं सांगायला नको.

यावर एक मित्र म्हणाला, "अगं, ते सेट हजारो बॅटली खेळून तयार झालेत. आपण कोण लागून गेलो?" त्याचं म्हणणं निम्मं मला मान्य आहे. सुरुवात तिथूनच करावी. व्याकरण न शिकता कविता करायला जाऊ नये. पण सेटमधल्या प्रत्येक मूव्हपुढे 'ही का?' हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. लिहिता आलं तर तो सेट तुमचा. नाही आलं तर तो उधारीचा.

उरलेल्या निम्म्याला उत्तर २०१४च्या जागतिक स्पर्धेत मिळालंय. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क त्या वर्षी जगज्जेता झाला आणि त्याच्या टीममध्ये होती पाचिरिसू, विजेची एक चिमुकली खार. अ‍ॅटॅक अवघा ४५. तिला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. तिच्याकडच्या 'फॉलो मी'मुळे समोरच्याचे वार ती स्वतःवर ओढून घ्यायची आणि शेजारचा जोडीदार मोकळा राहायचा. ही अधिकृत स्पर्धा दोन-दोनच्या जोडीने खेळतात, म्हणून हे जमलं. कुठल्याही तयार यादीतून ती खार निघाली नसती. आपल्या टीमला काय कमी पडतंय, याचा विचार करूनच ती सापडते.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्याचं आणखी एक कारण आहे. घरी 'गेम' हा शब्द उच्चारला की सगळं एकाच पोत्यात जातं. पैसे लावायची रमी आणि पोकेमॉन, आईच्या लेखी दोन्ही मोबाइलवरचे धंदे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याने निदान कागदावर फरक केलाय. पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. पण कायद्यातला फरक घरी आपल्यालाच दाखवून द्यावा लागेल. आपण नुसते सेट उचलून, बटणं दाबून, हरलो की लकला शिव्या घालणार असू, तर आई चुकीचं बोलते असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? याउलट फायर फँगचे १३० आणि स्टोन एजचे १०० वहीत मांडून कुणी चौथी मूव्ह ठरवत असेल, तर तो वेळ वाया गेला असं मी तरी म्हणणार नाही.

मुंबई-पुण्यात स्पर्धा होतात, सोबत सराव करायला माणसं मिळतात. आपल्याकडे ना कोच, ना क्लब. आपल्यापाशी आहे ते स्वतःचं डोकं आणि पावसाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी. त्यातलं डोकंही उधार आणायचं म्हटलं तर उरलं काय?

म्हणून एक सुचवते. कॉलेजच्या पुढच्या फेस्टिव्हलला क्रिकेट-कबड्डीसोबत एक टेबल याचंही लावा. एन्ट्री फी नको, बक्षिसाला पैसे नकोत. नियम एकच. टीमसोबत एक कागद द्यायचा, सहा पोकेमॉन, चोवीस मूव्हज आणि प्रत्येकीपुढे एक ओळ, ही का घेतली? मॅच हरलात तरी चालेल. पण 'नेटवर होती म्हणून' असं लिहिलेलं सापडलं तर पहिल्याच राउंडला बाहेर!