चार भोकं दिसली म्हणून चाक बसत नसतं

आज करपा नाही, थ्रिप्स नाही, बाजारभावही नाही. आज गाडीच्या चाकावर लिहितोय. महिनाभरात तिघांनी एकच प्रश्न विचारला. जुन्या मारुती ८०० ला (एकाची ओम्नी आहे) स्विफ्टच्या १४ इंची डिस्का बसवायच्यात, भोकं जुळत नाहीत, लेथवाला करून देतो म्हणतो. करू का?

माझं मत आधी सांगतो. करू नका.

लोकांना हे का सुचतं ते मला कळतं. ८०० चं चाक १२ इंची. आपल्या शिवाररस्त्यावर ते खड्ड्यात अख्खं बसतं आणि गाडी पोटावर घासते. घरातल्या पोराने स्विफ्टला मॅगव्हील टाकले की जुन्या लोखंडी डिस्का पडवीत पडून असतात. त्यात मुसळगाव आणि माळेगावच्या वसाहतींमुळे सिन्नरला लेथ आणि ड्रिलची काही कमी नाही. फुकटचं चाक आणि हाताशी कारागीर, मग हात शिवशिवणारच. शिवाय आपली सवयही तशीच. फणाचं भोक जुळलं नाही की गॅसने लांबट करायचं, मोठा वायसर टाकायचा, चालू. औताला ते चालतं, कारण औत चार-पाचच्या वेगाने जातं आणि तुटलं तर वावरात पडतं. चाक मोहदरी घाटात सुटलं तर समोरून येणाऱ्याचाही जीव जातो.

आता मोजमापाचं बघा. भोकांच्या मध्यातून जो गोल जातो त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. ८०० आणि ओम्नीला चार भोकं, व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. स्विफ्टलाही चारच भोकं, पण व्यास १००. प्रत्येक भोक सात मिलिमीटरने आत सरकलेलं. स्टड १२ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे नवं भोक जुन्या भोकातच घुसतं, मधे धातू राहतच नाही. मग कारागीर दोनपैकी एक करतो. एक तर जुनं भोक वेल्डिंगने भरतो आणि पुन्हा पाडतो, नाहीतर ४५ अंश फिरवून दोन जुन्या भोकांच्या मधे नवं पाडतो. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा बरा. पण हबवर केला तर आठ भोकांची चाळणी होते आणि मागून स्टडच्या डोक्याला टेकायला जागा उरते का, हे फार थोडे जण बघतात.

वेल्डिंगवरून एक सांगायलाच हवं, ते ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही लागू आहे. टायर चढवलेला असताना डिस्कला वेल्डिंग किंवा गॅसचा जाळ कधीही लावू नका. हवा सोडली तरी नाही. आतलं रबर तापून त्याचा वायू होतो, तो पेट घेतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. आपल्याकडे ट्रॉलीची चीर भरताना हे सर्रास होतं, बघून अंगावर काटा येतो. आधी टायर उतरवा, मग काय ते करा.

तिसरा उपाय अ‍ॅडॉप्टर. एक जाड चकती हबला चार नटांनी बसते आणि तिच्यावर चाक दुसऱ्या चार नटांनी. भोकं पाडायची कटकट नाही, म्हणून पोरांना आवडतो. पण एकाच्या जागी दोन सांधे झाले, आणि आतला सांधा चाकाआड झाकलेला. तो ढिला झालेला दिसणार कसा? वर चाक चकतीच्या जाडीइतकं बाहेर जातं. बादलीचा दांडा हात लांब करून धरला की मनगट दुखतं, तसा बेअरिंगवर ताण येतो. ओम्नीत टोमॅटोचे क्रेट छतापर्यंत भरणाऱ्याने तर याचं नावही काढू नये.

खरी गोम अशी की चाकाचा भार बोल्टने पेलायचा नसतो. नट आवळला की स्टड जरासा ताणतो आणि डिस्क हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण होतं तेच चाक धरतं. नट ढिला झाला, डिस्क हबवर सपाट बसली नाही किंवा मधे रंग-गंज राहिला की दाब जातो. मग प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो, सरळ होतो. तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना आपण, तसंच. एक तुटला की बाकीचे त्याच वाटेने जातात. म्हणून लांबट केलेलं भोक आणि वायसर इथे चालत नाही. नटाचा निमुळता तोंडवळा भोकाच्या निमुळत्या बैठकीत बसायला हवा.

आटेसुद्धा बघा. मारुतीचा स्टड १२ चा, आटा सव्वाचा. टोयोटा, ह्युंदाई, होंडाचा १२ चाच, पण आटा दीडचा. दोन वेढे हाताने जातात, पुढे पाना लावून जबरदस्तीने चढवला की आटे गेले. आवळल्यासारखा वाटतो, धरत काहीच नाही.

बरं, सगळं नीट झालं असं धरू. ८०० चा टायर १४५/७० आर १२, उंची साधारण ५०८ मिलिमीटर. स्विफ्टचा १६५/८० आर १४, उंची ६२०. म्हणजे चाक बावीस टक्क्यांनी मोठं. काटा ५० दाखवेल तेव्हा गाडी ६१ वर असेल. ७९६ सीसीचं इंजिन चढाला दम टाकेल, ब्रेकला जास्त जोर लागेल आणि स्टिअरिंग पुरं फिरवलं की टायर मडगार्डला घासेल. पोट वर उचललं, बाकी सगळं बिघडवलं.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण माझं म्हणणं दंडाच्या भीतीवर उभं नाही. दंड नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

मग करायचं काय? जुन्या अल्टोची १२ इंची डिस्क बघा, तिचा गोलही ११४.३ चाच. भंगारात मिळते, ना वेल्डिंग ना चकती. टायर मात्र त्या गाडीला कंपनीने दिलाय त्याच मापाचा ठेवा, आणि ओम्नीवाल्याने माल वाहायचा एलटी टायरच घ्यावा. ज्यांच्याकडे जुनी जीप आहे ते नशीबवान. विलीजच्या काळापासूनचा तिचा गोल पाच भोकांचा, १३९.७. जिप्सीचाही तोच आणि २०२३ ला आलेल्या जिम्नीचाही तोच. तरी मधलं मोठं भोक, आटा आणि नटाची बैठक तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. इनोव्हालाही भोकं पाचच, पण गोल ११४.३. तिथे फसणारे खूप.

मोजायची रीत सोपी आहे. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या. पाच असतील तर शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घेऊन १.७ ने गुणा. ८२ आलं तर जीप, ६७ आलं तर इनोव्हा. कुठलंही चाक काढून बसवलं की नट समोरासमोर आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा.

आणि कमेंटमध्ये डिस्कचा फोटो टाकून ‘बसेल का’ विचारू नका. फोटोत १०० आणि ११४ सारखेच दिसतात. टेप लावा, आकडा टाका, मग बोलू.